अब्बांची बारा बोअर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



'घरातली एक जुनी वस्तू' या विषयावर बोलाल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी लगेच होकार दिला. माझ्या आधी या मालिकेत कुणी आजीच्या अडकित्त्यावर बोलले, कुणी जात्यावर, कुणी भिंतीवरच्या घड्याळावर. माझ्याकडूनही एखाद्या पानदानाची किंवा जुन्या हस्तलिखिताची अपेक्षा असावी. मी म्हणालो, "मी बंदुकीवर बोलेन." पलीकडे क्षणभर शांतता पसरली. कवी, त्यातून मुसलमान, आणि विषय बंदूक! मग मीच सांगितले, "काळजी करू नका. बंदूक परवान्याची आहे आणि भाषण मी लिहून आणणार आहे."

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात आमचे घर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे खळे, मागे पडवी, पडवीच्या मागे आगर आणि चढावर हापूसची काही कलमे. कोकणातल्या मुसलमान वस्तीत ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना ठाऊक असेल, की ही घरे वर्षानुवर्षे बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी सांभाळली. पुरुष बोटीवर, आफ्रिकेत, नंतर कुवेत-दुबईत. घरात दादी, अम्मी, चाची, पोरे. रात्री दिवा मालवला की आगरातून जो आवाज येई तो कोल्ह्याचा, रानडुकराचा की माणसाचा, हे ओळखायचे काम दादीचे असे.

माझे आजोबा, आम्ही त्यांना मोठे अब्बा म्हणायचो, बोटीवर सारंग होते. १९५१ साली नोकरी सोडून गावी परतताना त्यांनी मुंबईत बंदुकीच्या दुकानातून एक जुनी दुनळी विकत घेतली. बर्मिंगहॅमच्या वेबली अँड स्कॉट कंपनीची, बारा बोअरची. परवाना शेतीसंरक्षणाचा. माकडे आणि डुकरे शेताची धूळधाण करत, म्हणून तो मिळाला. पण दादीच्या लेखी ती बंदूक भातासाठी नव्हती, दारासाठी होती. 'घरात बंदूक आहे' हे पंचक्रोशीला माहीत असणे एवढेच तिला पुरेसे होते. ती झाडावी लागू नये यासाठी ती रोज दुआ मागत असे.

लहानपणी मला 'बारा बोअर' म्हणजे बारा भोके वाटत. अब्बांनी समजावले. एक पौंड शिसे घ्यायचे, त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून सोळा बोअरची नळी बारीक. आकडा वाढला की तोंड लहान होते. अब्बा हसून म्हणत, "माणसांचंही असंच असतं." त्यांना काय म्हणायचे होते ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले.

नळ्यांच्या खालच्या बाजूला बारीक शिक्के आहेत. ते बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे. १८१३ पासून तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात आणि नळी टिकली तरच शिक्का मारतात. कवितेसाठी असे परीक्षागृह असते तर आमच्यातले कितीजण टिकलो असतो, असा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

आता तिच्या देखभालीविषयी. बंदूक बाळगणे म्हणजे ती चालवणे, असा लोकांचा समज असतो. खरे तर बंदूक बाळगणे म्हणजे ती पुसणे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास, पुस्तकांना बुरशी. खाडीवरून येणारी हवा खारी. अशा ठिकाणी लोखंड आठ दिवस विसरले तरी ते आपली आठवण करून देते.

आगोटीची कामे सुरू झाली, म्हणजे लाकडे भरणे, कौले शाकारणे, सुकी मासळी बांधून ठेवणे, की एका दुपारी अब्बा पडवीत घोंगडे पसरत. पहिली गोष्ट, बंदूक हातात घेतली की ती उघडायची आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघायचे. कालच बघितले होते, आत्ताच बघितले होते, हे चालायचे नाही. मग तिचे तीन भाग करायचे : पुढचा लाकडी हात, नळ्या आणि दस्ता. गजाला आधी पितळी तारांचा ब्रश लावून नळ्यांतली काजळी आणि शिशाचा थर काढायचा, मग कोरडी चिंधी, शेवटी तेलाची चिंधी. ती चिंधी कशी असावी याचाही नियम होता. धुऊन मऊ झालेले मलमल, नवे कापड नको. नळी उजेडाकडे धरून आत बघितले की पाण्यावर उठलेल्या वर्तुळांसारखी लखलखणारी वर्तुळे दिसायची. तेवढ्यासाठी मी तासभर गज धरायला तयार असे.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्याला जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब तळहातावर घेऊन चोळायचे. बंदुकीचे तेल लाकडात मुरू द्यायचे नाही, लाकूड कुजते, म्हणून पुसल्यानंतर काही दिवस तोंड खाली करून उभी ठेवायची. चामड्याच्या म्यानात कधी ठेवायची नाही, चामडे ओल धरते. रिकाम्या नळीवर चाप ओढायचा नाही. आतल्या कमानी सैल करायच्या तर त्यासाठी दोन खोटी काडतुसे होती, ती घालून चाप ओढायचा. काडतुसे वेगळ्या पेटीत, पेटी वेगळ्या खोलीत, किल्ली अब्बांच्या करगोट्याला. जुन्या काळची कागदी काडतुसे पावसात फुगायची आणि नळीत जायचीच नाहीत. पुढे प्लॅस्टिकची आली, तरी त्यांच्या पितळी बुडावर हिरवट डाग पडलेले अब्बांना चालत नसत. परवान्यावर किती काडतुसे बाळगायची याचा आकडा असतो आणि घेतलेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद होते. त्यामुळे अब्बा एकेक काडतूस सोन्याच्या नाण्यासारखे मोजत.

एका वर्षी मी आगाऊपणा केला. बंदुकीचे तेल संपले होते म्हणून खोबरेल तेल घातले. घरात खोबरेल भरपूर आणि केसांना चालते तर लोखंडाला का चालू नये! अब्बांनी दुसऱ्या दिवशी हात लावला आणि त्यांच्या लक्षात आले. ते चिडले. अब्बा सहसा चिडत नसत. म्हणाले, "हे तेल सुकून चिकट होतं. सगळं जिथल्या तिथं अडकून बसतं. दिसायला बंदूक चकचकीत, पण आतून मेलेली." मग त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून एकेक सांधा केरोसीनने धुतला.

त्यात एक छोटा भाग होता, त्याच्याविषयी सांगायला हवे, कारण माझे सगळे भाषण त्या भागाविषयीच आहे. दुनळी उघडण्यासाठी वर एक पितळी-पोलादी चावी असते, ती अंगठ्याने बाजूला सारायची. तिच्या मागे सेफ्टीचे बोट असते. ते मागे असले की चाप जाम, पुढे ढकलले की चाप मोकळा. इंग्रजी बनावटीच्या अशा बंदुकांत एक बारीक दांडी असते. बंदूक उघडण्यासाठी चावी फिरवली की ती दांडी सेफ्टीचे बोट आपोआप मागे ढकलते. म्हणजे काडतुसे भरण्यासाठी बंदूक उघडलीत की ती स्वतःच बंद होऊन बसते. झाडायची असेल तर तुम्हाला मुद्दाम, विचारपूर्वक ते बोट पुन्हा पुढे सारावे लागते.

शिकारी लोकांना हा प्रकार आवडत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, तरी शिकारीच्या गप्पा बंद झाल्या नव्हत्या. अब्बांचे एक स्नेही घरी आले की म्हणायचे, "ही दांडी काढून टाका हो. डुक्कर समोर आल्यावर सेफ्टी सारण्यात वेळ जातो. पाच मिनिटांचं काम आहे." बऱ्याच जणांनी तशी ती काढून टाकलेली असे. अब्बा चहा पुढे करत आणि म्हणत, "वेळ जावा म्हणूनच ती बसवलीय."

आता जानेवारी १९९३. मुंबईत काय चालले होते ते माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको. त्या डिसेंबर-जानेवारीत नऊशे माणसे मेल्याची नोंद पुढे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात झाली. मरणाऱ्यांत दोन्हीकडचे होते. आम्हाला तेव्हा आकडे ठाऊक नव्हते. रेडिओ होता, दोन दिवस जुने वर्तमानपत्र होते आणि अफवा होत्या. चाचा मुंबईत राहायचे, चाची आणि नऊ वर्षांची मुलगी. त्यांची खबर नव्हती. गावात फोन एकच होता आणि तो लागत नव्हता.

आमच्या गावात काही घडले नव्हते. खरे सांगायचे तर घडण्यासारखे काही नव्हतेही. वरच्या वाडीतले लोक रोज येऊन चौकशी करून जात. तरीही रात्र झाली की घरातली प्रत्येक फळी करकरत असल्यासारखे वाटे. मी पंचवीस वर्षांचा, बी.ए. होऊन घरी बसलेला, कविता लिहिणारा. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी अब्बांना म्हणालो, "आज मागच्या पडवीत मी बसतो. बंदूक द्या." अब्बा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग किल्ली काढून दिली. त्यांनी ती का दिली हे मी त्यांना नंतर कधी विचारले नाही. कदाचित ते स्वतःही भ्यालेले असावेत.

मी काडतुसे भरली, बंदूक मिटली आणि पडवीच्या अंधारात मांडीवर घेऊन बसलो. दिवा लावला नव्हता. बाहेरच्याला आपण दिसू नये, हा माझा हिशेब. आपल्यालाही बाहेरचा दिसणार नाही, हे माझ्या डोक्यात आले नाही.

पहाटेचे तीन-साडेतीन झाले असतील. आगराचे बेडे वाजले. मग सुक्या पानांवर पावले. एकाची नाहीत, दोघा-तिघांची. पावले सावकाश, थांबत थांबत, चोरासारखी. "कोण आहे?" असे विचारायला हवे होते. एवढे तर कुत्रेही विचारते. पण माझा घसा कोरडा पडला होता, आवाज फुटला नाही. पावले पडवीपासून दहा-बारा हातांवर आली. मी बंदूक खांद्याला लावली, अंधारात जिथे जास्त काळे दिसत होते तिथे तोंड केले आणि चाप ओढला.

चाप हलला नाही.

मी पुन्हा ओढला. बोट दुखेपर्यंत ओढला. आणि त्याच वेळी त्या काळोखातून एक बारीक, रडवेला आवाज आला, "अम्मी, चप्पल तुटली."

ती माझी चुलत बहीण होती. चाचा-चाची तिला घेऊन मुंबईतून निघाले होते. मिळेल त्या गाडीने, एका रात्रीचा प्रवास दोन दिवसांत करून, फाट्यावर उतरून चार किलोमीटर अंधारात चालत आले होते. हाक का मारली नाही? आठवडाभर त्यांनी मोठ्याने बोलणेच सोडून दिले होते. पुढच्या दाराने का आले नाहीत? दादीची झोप मोडू नये म्हणून. स्वतःच्या घरात माणूस येतो तसे ते मागच्या दाराने आले होते. आणि मुलगी सर्वांत पुढे होती, कारण तिला वाट पाठ होती.

घर जागे झाले. रडणे, मिठ्या, गरम पाणी, चहा. त्या गडबडीत अब्बांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, उघडली, दोन काडतुसे काढून खिशात टाकली. तेव्हा काही बोलले नाहीत. सकाळी पडवीत मला एकट्याला विचारले, "सेफ्टी पुढे केली नव्हतीस?"

"नाही."

"विसरलास?"

"विसरलो."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज नेहमीचाच होता. म्हणाले, "आधी कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो, की माणूस घाबरेल आणि विसरेल."

श्रोते हो, माणसाच्या शहाणपणाने त्या रात्री कुणी वाचले नाही. माझ्या तर नाहीच नाही. कुणा बर्मिंगहॅमच्या कारागिराने बसवलेली एक बारीक दांडी, ती काढून न टाकणारा एक हट्टी माणूस आणि त्याने दर आगोटीला केरोसीनने धुतलेला एक सांधा. खोबरेलाने ती दांडी जागच्या जागी चिकटून राहिली असती, तर सेफ्टी मागे आली नसती. ती मुलगी आमच्या आगरात, आमच्याच घराच्या काडतुसाने गेली असती.

यानंतर मी कायदा वाचला. वाचनाची सवय होतीच. आपल्या देशात शस्त्रांचा प्रश्न जुना आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारे काढून घेतली, १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला आणि त्यात गोऱ्यांना सवलत होती. त्या अपमानाची जखम खोल होती. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांना असावा, असे कलम घातले गेले. पण डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली, तेव्हा ती मान्य झाली नाही. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. फाळणीच्या रक्ताचे डाग तेव्हा ताजे होते. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. १९५९ चा शस्त्र कायदा त्याच पायावर उभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आणि लग्नात-मिरवणुकीत हौसेने बार काढणे हाही गुन्हा ठरला.

स्वसंरक्षणाचा हक्क मात्र सर्वांना आहे. पूर्वी तो दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कुणी घर फोडत असेल तर त्याचा जीव घेण्यापर्यंतही तो हक्क जाऊ शकतो. पण लगेच अटही आहे, की बचावासाठी जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करायची नाही. हे सारे वाजवी आहे. कायद्यात घर असते, घर फोडणारा असतो, मालक असतो. त्या रात्री पडवीत बसून मला यातले काहीच दिसत नव्हते. मला फक्त पावले ऐकू येत होती.

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तिथे बंदूक हा हक्क आहे, १७९१ च्या घटनादुरुस्तीपासून. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घराच्या रक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निकालही दिला. भाच्याकडे अर्धस्वयंचलित बारा बोअर आहे. फोनवर चित्रासकट दाखवत मला म्हणाला, "मामू, ती म्हातारी दुनळी द्या सोडून. ही बघा, एकदा भरली की चाप ओढायचा, रिकामे टरफल आपोआप बाहेर, पुढचे काडतूस आपोआप आत." मी कुतूहलाने ऐकले. ही विद्याही नवी नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराची अशी बंदूक विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बेल्जियममध्ये बनू लागली. तिच्यात बाराच्या धक्क्याने नळीच मागे सरके. भाच्याच्या बंदुकीत नळीतला थोडा वायू बारीक छिद्रांतून बाहेर काढून त्याच्या जोरावर आतला दट्ट्या मागे ढकलला जातो. म्हणून ती छिद्रे आणि तो दट्ट्या काजळीने भरतात, साफ केले नाहीत तर दुसरे काडतूस आत जातच नाही. त्यालाही महिन्याकाठी चिंधी घेऊन बसावे लागते, हे ऐकून मला बरे वाटले.

पण एक फरक मी त्याला सांगितला. माझी दुनळी उघडली की ती मध्येच मोडल्यासारखी लोंबते. घरातले लहान पोरही लांबून सांगू शकते, की आता ती रिकामी आहे, हिच्यापासून भीती नाही. तुझी बंदूक भरलेली आणि रिकामी बाहेरून सारखीच दिसते. आणि काडतूस भरल्यावर सेफ्टी आपोआप मागे जात नाही. ते तुझ्या लक्षात राहायला हवे. तो म्हणाला, "लक्षात राहतं, मामू." मी म्हणालो, "दिवसा राहतं. रात्री कधी पावलं ऐकली आहेस का?" तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "घरात दोन पोरं आहेत. आजच लोखंडी कपाट घेतो."

अब्बा २०१९ साली गेले. वारसाने बंदूक स्वतःच्या नावावर करायची असते किंवा जमा करायची असते, मध्ये काही नाही. अर्ज, वैद्यकीय दाखला, पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. २०२० साली परवाना माझ्या नावावर झाला. मी तो का घेतला? कलमांसाठी, असे सांगत आलो. तेही खोटे नाही. माकडांच्या टोळीला हवेतला बार समजतो, कवितावाचन समजत नाही.

पण ही बंदूक वर्षातले काही महिने माझ्याकडे नसतेच. निवडणूक आली की परवानाधारकांनी हत्यारे जमा करायची. कुणाची ठेवायची, कुणाची जमा करून घ्यायची हे ठरवायला छाननी समिती असते, तरी बहुतेकांना नेऊन द्यावीच लागते. २०२४ च्या लोकसभेचे आमच्याकडचे मतदान ७ मे रोजी होते. म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत बंदूक कुलपात आणि माकडे झाडावर. शेतकऱ्यांनी सूट मागितली, दरवेळी मागतात. निकाल लागून बंदूक परत मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. शेकडो बंदुका एकत्र ठेवलेल्या, कोण कुणाच्या बंदुकीला तेल लावणार? नळीवर तांबूस ठिपके आले होते. ते घालवायला मला चार दुपारी लागल्या. खरे सांगू? त्या दोन-अडीच महिन्यांत घरात बंदूक नव्हती आणि मला शांत झोप लागत होती.

परवान्याची पाच वर्षे २०२५ मध्ये संपत आली. पुण्याला असलेला मुलगा म्हणतो, जमा करून टाका. बायकोही तेच म्हणते. ठरवण्याआधी मला एक गोष्ट करायची होती. बत्तीस वर्षे जी गोष्ट फक्त अब्बांना आणि मला ठाऊक होती ती मी त्या चुलत बहिणीला सांगितली. मे महिन्यात ती मुलांना घेऊन गावी आली होती. आता शाळेत शिकवते. मागच्या पडवीत बसून सगळे सांगितले, चाप दोनदा ओढला हेही.

तिने मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी म्हणाली, "मला ती रात्र आठवते. तू दारात उभा होतास. तुझ्या हातात काठी होती." तिने बत्तीस वर्षे ती काठी म्हणून मनात ठेवली होती. मग म्हणाली, "बघू, आण." मी बंदूक आणली, उघडली, तिच्या हातात दिली. तिने नळ्या आगराच्या उजेडाकडे धरून आत बघितले, जसे आम्ही लहानपणी बघायचो. बराच वेळ बघत होती. परत देताना एवढेच म्हणाली, "भाय, ठेव नाहीतर देऊन टाक, ते तुझं तू बघ. पण आधी या मागच्या दाराला दिवा लाव."

मी चकित झालो. इतक्या वर्षांत पुढच्या खळ्यात दोन दिवे झाले, मागचे आगर तसेच काळोखात होते. घराच्या रक्षणाचा इतका विचार केलेल्या माणसाला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून बेड्यापर्यंत उजेड पडेल असा दिवा बसवून घेतला. आता रात्री कुणी आले तर आधी त्याचा चेहरा दिसतो. आणि त्यालाही माझा दिसतो.

परवान्याचे म्हणाल तर या एका खेपेला मी नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. कलमे आहेत तोवर. माझ्यानंतर ती जमा करावी, असे लिहूनही ठेवले आहे. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, म्हणून आगोटीची घाई झाली. मुलगा दोन दिवसांसाठी आला होता. घोंगडे पसरले आणि त्याला शेजारी बसवले. तो म्हणाला, "अब्बा, मला ही नको आहे, तर शिकून काय करू?"

मी म्हणालो, "नको असेल तर नको. पण एक दिवस ती ठाण्यात नेऊन द्यायला तूच जाणार आहेस. निदान उघडून बघायला शीक, आत काही आहे की नाही."

त्याने चावी सारली. सेफ्टीचे बोट टिकदिशी मागे आले. त्याने दोन्ही नळ्यांतून बघितले, बोट घालूनही खात्री केली आणि म्हणाला, "रिकामी आहे."

मी म्हणालो, "पुन्हा बघ."